चौथ्या आठवड्यात

मार्च लागला की कॉलेजच्या फळ्यावर प्रॅक्टिकलच्या याद्या लागतात आणि मुली घोळक्याने उभ्या राहून बोटाने आपापला नंबर शोधतात. स्टाफरूमच्या दारातून मी त्यांच्याकडे बघत राहते. प्रत्येकीच्या काखेत जर्नल, जर्नलला खाकी कव्हर, कव्हरवर घामाने उमटलेली बोटं. भिवंडीचा मार्च म्हणजे सरळ उन्हाळाच. पत्र्याखालचे लूम तापतात, सुताचा बारीक कापूस हवेत तरंगत राहतो, रस्त्याला कलिंगडांचे ढीग लागतात. मी आता प्राणिशास्त्र शिकवते. कोंबडीच्या भ्रूणाच्या स्लाइड्स डब्यातून काढून, मऊ फडक्याने पुसून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक लावते आणि दर वर्षी त्या तेहतीस तासांच्या स्लाइडशी माझा हात जरा थांबतो. आठ वर्षांपूर्वीचा मार्च डोळ्यांपुढे येतो. त्या वर्षी आमच्या घरात एक तान्ही मुलगी होती आणि एक प्रश्न होता, जो कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं घर कामतघरला. खालच्या गाळ्यात लूम, वर आम्ही. लूमचा आवाज कानाच्या आधी तळपायांना लागतो. त्यामुळे आमच्याकडे सगळेच जरा चढ्या आवाजात बोलतात आणि पाहुण्यांना वाटतं, घरात भांडण चाललंय. मी अभ्यासही मोठ्याने वाचूनच करायची. मनात वाचलेलं त्या खडखडाटात टिकायचं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी माझी मोठी बहीण प्रमिलाताई दिघाशीहून माहेरी आली. तिचं सासर शेतकरी, भात लावणारं. कडेवर चार महिन्यांची दुर्वा. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला दर आठवड्याला दाखवायचं होतं आणि दिघाशीहून दर खेपेला तेवढी ये-जा जमणारी नव्हती, म्हणून ती आमच्याकडे राहणार होती. असं सगळ्यांना सांगायचं ठरलं होतं. ते खोटंही नव्हतं.

दुर्वा जन्मली तेव्हा तिच्या कमरेशी, पाठीच्या मधोमध, कातडी मिटलेली नव्हती. लिंबाएवढी एक पातळ पिशवी बाहेर आली होती. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं, मुलगी वाचली. पण डॉक्टरांनी सांगितलं, पाठीचा कणा तिथे नीट बंद झाला नव्हता, आतल्या मज्जारज्जूला इजा आहे, पायांचं किती जमेल ते वाढता वाढता कळेल. लघवीसाठी रोज ठरलेल्या वेळी बारीक नळी घालावी लागेल. ते सगळं ताई शिकली होती. हात धुणं, नळी उकळणं, वेळ पाळणं. तिच्या हातात कुठेही चूक नव्हती.

ही माझी ताई लग्नाच्या हळदीत ढोलकीवाल्याला दमवणारी. गल्लीच्या या टोकाला हसली तर त्या टोकाला कळायचं. ती आता आमच्या घरात इतकी हळू चालायची की ती मागून येऊन पंखा बंद करून गेली तरी आईला पत्ता लागायचा नाही. आणि एक गोष्ट माझ्या चार-पाच दिवसांत लक्षात आली. सकाळी ती दुर्वाला पायांवर घेऊन तेल लावायची. पोटाला, हातांना, मांड्यांना, इवल्याशा पावलांना. मग तिला उचलून आईकडे द्यायची. पाठीला तेल आई लावायची. रोज. ताई तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघायची.

मी आईला विचारलं. आईने आधी टाळलं, मग तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तिला सातवा चालू होता ना, तेव्हा ग्रेन होता. वेध लागले होते. हिनं माठाची भाजी चिरली. सासूनं सांगितला होता, सुरीला हात लावू नको. ही विसरली. आता ती म्हातारी बोलली एकदा, का त्याच्यानंच झाला. एकदाच बोलली, मग न्हाय बोलली. पण हिच्या डोक्यात तेच बसलंय."

"आणि तुला काय वाटतं?"

आईने सूप हलवलं. "मना काय वाटनार? मी शिकलेली हाय का?"

त्या 'शिकलेली हाय का'मध्ये माझ्याकडे बोट होतं. शिकलेली मी होते. आणि त्या परीक्षेच्या पेपरात माझा सर्वांत नावडता धडा होता तो नेमका हाच: वाढत्या गर्भात मज्जारज्जू कसा तयार होतो, त्यातल्या चेतापेशींना आपण कोण व्हायचं हे जनुकं कसं सांगतात. नुसती अक्षरं आणि आकडे. प्रत्येक जनुकाचं आखूड, विचित्र नाव, प्रत्येक पट्ट्याला वेगळा क्रमांक. आधीच्या चाचणीत त्याच प्रश्नावर मी सपशेल आपटले होते.

हा धडा आम्हाला मुल्ला मॅडम शिकवायच्या. भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या, खाडीकडच्या मोहल्ल्यात राहणाऱ्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, पांढरी शुभ्र ओढणी डोक्यावरून घेतलेली, बोलणं स्वच्छ मराठी आणि मध्येच एखादं 'बेटा'. त्यांचा एकच हट्ट होता: पुस्तकातली आकृती काढायच्या आधी खरी वस्तू बघायची. त्यांनी प्रयोगशाळेतल्या जुन्या इन्क्युबेटरमध्ये अंडी उबवत ठेवलेली असायची आणि सकाळी आल्या आल्या त्या पर्स खांद्याला असतानाच त्याचा थर्मामीटर वाचायच्या.

बाजारातल्या अंड्यांत जीव नसतो. कोंबड्यासोबत फिरणाऱ्या गावठी कोंबडीचंच अंडं लागतं. मॅडमनी वर्गात विचारलं, "कुणाच्या गावाला कोंबड्या आहेत?" मी हात वर केला. मग दर आठवड्याला ताईचे यजमान, नरेशदाजी, दुर्वाला भेटायला यायचे तेव्हा मोटरसायकलला डबा अडकवून आणायचे. डब्यात भाताचा तूस आणि तुसात दहा-बारा अंडी. ती ताईच्या सासूबाईंच्या कोंबड्यांची. दाजी म्हणाले, "आईनं सोता वेचून दिल्यान. बोलली, पोरीच्या मावशीच्या परीक्षेला हायेत, फुटवू नको." मी ताईकडे बघितलं. ती डब्यातली अंडी मोजत होती.

संध्याकाळी मी धडा मोठ्याने वाचायला बसायची. वाचायची इंग्रजीत आणि मग स्वतःला समजावं म्हणून मराठीत बोलायची. ताई बाजूला दुपटी घडी करत असायची. दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं होतं. माझ्यापेक्षा तिचे मार्क नेहमी जास्त असायचे, ही गोष्ट आमच्या घरात कुणी काढत नसे.

एका संध्याकाळी ती अचानक म्हणाली, "थांब. हे परत वाच."

मी वाचलं. सुरुवातीला गर्भाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि मधोमध मिटतात. चपटी पट्टी नळी होते. हीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू.

"मिटली न्हाय तर?"

मी पुस्तक खाली ठेवलं. खालून लूमचा आवाज येतच होता.

"ताई..."

"मना खरा सांग. माझ्या हातनंच झाला ना गो?"

मला उत्तर माहीत होतं, म्हणजे पाठ होतं. पण बहिणीने असं तोंडावर विचारल्यावर पाठ केलेलं उत्तर तोंडातून निघत नाही. मी "नाही गं" म्हणाले. तसं आईही म्हणाली असती, शेजारीणही म्हणाली असती. ताईने ते 'नाही' ऐकलं आणि परत दुपटी घडी करायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या काही समजुतीचं बोलतील, मी ते घरी पोचवीन. त्यांनी इन्क्युबेटरचं दार उघडलं, आत बघितलं, कसलासा हिशेब केला आणि म्हणाल्या, "शुक्रवारी घेऊन ये तिला. बाळालाही आण."

शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात. त्या दिवशी शहराला जणू दुसराच आवाज असतो. रिक्षाचे हॉर्न, कावळे, अजान, कुणाच्या तरी घरातला कुकर, सगळं सुटं सुटं ऐकू येतं. दुर्वाला दुपट्यात गुंडाळून आम्ही रिक्षाने कॉलेजात गेलो. प्रयोगशाळेच्या दाराशी ताई अडखळली. चपला काढाव्यात की नाही हे तिला कळेना. मॅडम आतून म्हणाल्या, "राहू दे प्रमिला, फरशीवर ॲसिड सांडलेलं असतं. ये."

त्यांनी तीन सूक्ष्मदर्शक मांडून ठेवले होते. मी दुर्वाला घेतलं. ताईने पहिल्यात डोळा लावला, तिला काही दिसेना. डोळा मिटायचा की उघडा ठेवायचा यात तिची थोडी धांदल झाली. मॅडमनी तिचा खांदा धरून तिला नीट उभं केलं, चाक फिरवलं. ताईचा श्वास थांबला तो मला ऐकू आला.

"हे चोवीस तासांचं. तुझ्या सासूच्या कोंबडीचं आहे. मधे दोन रेघा दिसतात?"

"हो. उघड्या हायेत."

"त्या कडा. अजून मिटायच्या आहेत. आता इकडे ये. हे तेहतीस तासांचं."

ताई दुसऱ्या सूक्ष्मदर्शकाशी वाकली. "जवळ आल्या," ती म्हणाली. "वरती मिटल्यात. खालती अजून उघडं हाय."

"हो. वरून मिटत मिटत खाली येतं. कमरेकडचा भाग शेवटी. आता हे बघ."

तिसरं काचेच्या बशीत होतं. नुकतंच फोडलेलं, कोमट पाण्यात ठेवलेलं, दोन दिवसांचं. पिवळ्या बलकावर रक्ताच्या लाल रेघांचं जाळं आणि मधोमध तांदळाच्या कणीएवढं काहीतरी धडधडत होतं. ताई सूक्ष्मदर्शकातून न बघता तशीच वाकून बघत राहिली.

"काळीज हाय?"

"काळीज. आणि त्याच्या पाठीवरची नळी पूर्ण मिटलेली. दोन दिवसांत." मॅडम स्टुलावर बसल्या. "कोंबडीला दोन दिवस लागतात. माणसाला किती लागतात, माहीत आहे? गर्भ राहिल्यापासून चार आठवडे. चौथ्या आठवड्याच्या शेवटाला ही नळी मिटलेली असते. किंवा राहिलेली असते. त्यानंतर तिथे काही मिटत नाही, काही उघडत नाही. भाजी चिरलीस तेव्हा तुला कितवा होता?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी मॅडमना सांगितलं, हे तिला कळलं. रागावली असेल असं वाटलं, पण ती बोटांवर मोजायला लागली होती. दुर्वा दिवाळीनंतरची. मागे मागे जात ती थांबली.

"चवथा आठवडा म्हणजे शिमगा," ती हळूच म्हणाली. "मना तवा ठावकच नव्हतं. मी होळीभोवती नाचत होती." आणि लगेच तिचा चेहरा बदलला. "मग नाचल्यानं झाला का?"

त्या क्षणी मला कळलं, एवढे महिने तिच्यात काय चाललं होतं ते. एका जागेवरून उठवलेला दोष बसायला लगेच दुसरी जागा शोधत होता.

मॅडमनी आपलं स्टूल तिच्याजवळ सरकवलं. मग म्हणाल्या, "नाही. नाचल्याने होत नाही. बघ बेटा, का झालं ते मला माहीत नाही. तुला खोटं सांगणार नाही. कधी जनुकांत काही असतं, कधी शरीरात एक जीवनसत्त्व कमी पडतं, फॉलिक ॲसिड म्हणतात. पुष्कळदा शेवटपर्यंत कळतच नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारून त्याच्या गोळ्या आधीपासून सुरू कर, दिवस जायच्याही आधी. पण तुझ्या सुरीने काही झालेलं नाही, तुझ्या पायांनीही नाही. तुला पत्ता लागायच्या आत ते होऊन गेलं होतं."

ताई शेजारच्या स्टुलावर बसली. रडली नाही. त्या बशीवर पुन्हा वाकली. मग तिने जे विचारलं त्याची मी अपेक्षा केली नव्हती.

"मिटल्यावर मग पुढं काय होतं? ह्या सगल्या पेशी एकसारख्याच दिसतात. हातातली कुठली, पायातली कुठली, त्यांना कोन सांगतं?"

मॅडमचा चेहरा असा उजळला की मला थोडा हेवा वाटला. वर्षभर आमच्यापैकी एकानेही त्यांना हे असं विचारलं नव्हतं. आम्ही विचारायचो, हे किती मार्कांना येईल.

त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर एक उभट वर्तुळ काढलं. नळी आडवी कापली तर अशी दिसते, म्हणाल्या. सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्याच. सगळ्यांकडे जनुकांचा तोच पूर्ण संच. मग नळीच्या तळाकडून एक प्रथिन पाझरायला लागतं. तळाशी ते खूप, वर जावं तसं कमी कमी. ज्या पेशीला जास्त पोचलं तिच्यात काही जनुकं चालू होतात, जिला थोडं कमी तिच्यात दुसरी. वरच्या छताकडूनही तसेच संदेश खाली येत असतात. किती पोचलं, किती वेळ पोचलं, यावरून पेशीला आपली जागा कळते आणि जागेवरून आपण कोण व्हायचं ते.

"म्हणजे कोन कुठं उभा हाय त्याच्यावर," ताई म्हणाली.

"त्याच्यावर. तळाकडच्या एका पट्ट्यात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी होतात. छताकडच्या अर्ध्यात होतात त्या स्पर्श, दुखणं, गरम-थंड यांची खबर पुढे नेणाऱ्या. मधे असतात त्या डाव्या-उजव्याचा मेळ घालणाऱ्या, म्हणजे एक पाय पुढे तेव्हा दुसरा मागे."

"आन दोन पट्ट्यांच्या मधल्या रेघेवरची? तिला थोडा हा, थोडा तो असा झाला तर?"

मी हा धडा पाच वेळा वाचला होता आणि मला हा प्रश्न पडला नव्हता. मॅडमनी फळ्यावर दोन पट्ट्यांच्या मधे ठळक रेघ ओढली. "तिथे दोन जनुकं समोरासमोर असतात. दोघं एकमेकांना बंद करू बघतात. जे थोडं वरचढ ठरतं ते दुसऱ्याला पूर्ण गप्प करतं. म्हणून रेघेवरची पेशी अर्धवट राहत नाही. एक काहीतरी होतेच."

तेव्हा मला तो धडा समजला. माझ्या बहिणीच्या प्रश्नाने समजला. जी नावं मी आठवडाभर घोकत होते ती अचानक कामाला लागलेली दिसली: ही याला अडवते, तो तिला, हे इथे चालू, ते तिथे बंद, आणि कुणी मुकादम नाही, कुणी वरून बघणारा नाही. तरी प्रत्येक पेशी आपल्या जागेवर आपली ओळख धरून उभी राहते. लाखो गर्भांत, कोंबडीत, माणसात. एवढं सगळं बहुतेक वेळा बरोबर होतं, याचंच मला त्या दुपारी आश्चर्य वाटलं आणि ते अजून ओसरलेलं नाही. वर्गात शिकवताना आजही त्या रेघेशी आलं की माझा आवाज बदलतो. मुली हसतात.

"आणि वरून खालपर्यंत आणखी एक संच काम करतो," मॅडम बोलत होत्या. "मानेशी वेगळी जनुकं चालू, छातीशी वेगळी, कमरेशी वेगळी. त्यामुळे खांद्याच्या पातळीवरच्या चेतापेशी हाताकडे तार सोडतात, कमरेच्या पातळीवरच्या पायाकडे. आणि गंमत बघ, ही जनुकं गुणसूत्रावर जशी ओळीने बसलेली असतात, त्याच क्रमाने ती शरीरात डोक्याकडून खाली कामाला लागतात." मग त्यांनी खडू ठेवला आणि हात पुढे केले. "बाळाला दे बघू."

मी दुर्वा त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिला टेबलावर मऊ टॉवेलवर ठेवलं आणि मांडीवर हलकंच बोट टेकवलं.

"गुडघा सरळ करते का ही?"

"लाथ मारते," ताई म्हणाली. "माझ्या पोटावर. जोरात."

"घोटा? पावलाची बोटं?"

"न्हाय. ते न्हाय हलत. सुई लागली तरी रडत न्हाय."

मॅडमनी मान हलवली. "मी डॉक्टर नाही, त्यांना विचारूनच चालायचं. पण गुडघ्याच्या पेशी कमरेच्या वरच्या भागातल्या, घोट्याच्या त्याच्या खालच्या. वरच्या पोरी आपल्या कामावर आहेत. खालच्याही आपलं काम शिकल्या असतील, पण उघड्या राहिल्या आणि त्यांना इजा झाली. असं मानतात. जिचा गुडघा चालतो तिला उभं करता येतं. पायाला आधार बांधून. मेहनत लागेल."

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी पुढच्या आठवड्यात अगदी हेच सांगितलं. पण ताईला ते त्या शुक्रवारीच मिळालं होतं, आणि ते सांत्वन म्हणून मिळालेलं नव्हतं. तिला प्रश्न विचारता आले होते आणि प्रत्येकाचं उत्तर मिळालं होतं, 'माहीत नाही' हे धरून.

परत येताना ताई रिक्षात एकदाच बोलली. "तुज्या मॅडमनी मना सोताच्या बरोबरीनं समजावला."

दुसऱ्या दिवशी सकाळी लूम पुन्हा सुरू झाले होते. मी खाटेवर जर्नल पूर्ण करत होते. ताईने दुर्वाला पायांवर घेतलं, पोटाला तेल लावलं, हातांना, पायांना. आई पुढे येऊन हात पसरून थांबली. ताईने मुलीला आईकडे दिलं नाही. तिला पालथं केलं. पाठीवर कमरेशी एक गुलाबी, जरा ओढलेली खूण होती, मधोमध खालपर्यंत गेलेली. ताईने तेलाचं बोट त्या खुणेच्या एका टोकावर ठेवलं आणि हळूहळू दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. मग परत. आई तशीच हात पसरून उभी. मी चुकून भ्रूणाची आकृती दोनदा काढली.

परीक्षेत तो प्रश्न आला. पंधरा मार्कांचा. मी लिहिताना माझ्यासमोर पुस्तकाचं पान नव्हतं, खडूने ओढलेली ती ठळक रेघ होती. पास झाले, बऱ्यापैकी. मॅडमनी नंतर उत्तरपत्रिकेबद्दल एवढंच म्हटलं की, "बहिणीला सांग, तिचा प्रश्न चांगला होता."

ताई एप्रिलमध्ये दिघाशीला गेली. सासूबाईंशी ती काय बोलली मला माहीत नाही. काही दिवसांनी मी गेले तेव्हा म्हातारी ओसरीवर दुर्वाचे दोन्ही तळवे उजेडात धरून न्याहाळत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, मुलीला पायाचं कळत नाही, खडा रुतला, भाजलं तरी ती सांगणार नाही, रोज पाय तपासा. ते काम तिने कुणालाही न विचारता स्वतःकडे घेतलं होतं. मला बघून म्हणाली, "ये. बस. आज काय न्हाय लागला पोरीला." तिने त्या ग्रहणाबद्दल कधी माफी मागितली असेल असं वाटत नाही. पण आठ वर्षांत एकही संध्याकाळ तिने ते तळवे बघायचं चुकवलेलं नाही, आणि ताईने मला एकदा सांगितलं की तेवढं तिला पुरतं.

मुल्ला मॅडम निवृत्त झाल्या. त्यांचा इन्क्युबेटर आता माझ्याकडे आहे. ताईला दुसरी मुलगी झाली, धडधाकट. गोळ्या तिने आधीपासून घेतल्या होत्या. गावात कुठे नवी सून आली की ताई हळदीकुंकवाच्या निमित्ताने जाते आणि निघताना गोळ्यांचं सांगून येते. लाजत नाही, घाबरवत नाही. "दिवस गेल्यावं न्हाय, आदीपासून," एवढंच म्हणते. घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या गावच्या आशाताई थट्टेने म्हणतात, माझा पगार हिला द्यायला हवा.

आणि दुर्वा तिसरीत आहे. पायांना आधाराचे पट्टे बांधून, एका कुबडीवर चालते. बोलायला लागली की थांबत नाही. मार्चमधल्या परीक्षांच्या धबडग्यात मला एक रविवार मोकळा मिळाला, म्हणून परवा आम्ही सगळे एस.टी.ने गणेशपुरीला गेलो. गरम पाण्याच्या कुंडांशी रविवारची गर्दी होती. बायका पायऱ्यांवर बसून पाय सोडत होत्या, पोरं ओरडत उड्या मारत होती, वाफेला गंधकाचा वास. माझं सगळं लक्ष दुर्वाकडे होतं. दुसऱ्यांना जिथे चटका बसून पाय आपोआप वर येतो, तिथे तिचा येणार नाही. मी तिला म्हणणार होते, तू लांबच बस. तोपर्यंत ती एका पायरीवर टेकली होती आणि बूट-पट्टे सोडत होती. मी धावले.

तिने पाय पाण्यात घातला नाही. वाकून बाही वर केली आणि कोपर बुडवलं. लगेच काढलं. "हे नको मावशी, हे लय गरम हाय." मग कुबडी घेऊन शेजारच्या कुंडाशी गेली, तिथे कोपर बुडवलं, थोडी थांबली, मनाशी मोजल्यासारखी ओठ हलवत, आणि मग एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून पाण्यात ठेवला.

आधीच्या, गरम कुंडाच्या काठी बसलेली एक बाई बघत होती. ठाण्याकडची असावी. हसून म्हणाली, "अगं बाळा, पाण्यात पायानेच बघतात. कोपर कशाला बुडवतेस?"

दुर्वा म्हणाली, "माझे पाय मला सांगत न्हाईत. आईच्या पोटात असतानाच त्यांच्या तारा तुटल्यात. म्हणून मी हाताला विचारते."

बाई गोंधळली. तिने ताईकडे बघितलं, त्या नजरेने, जिच्यात कीव असते आणि थोडी चौकशीही. ताई पायरीवर धाकटीचा परकर पिळत होती. तिने मान वर केली, बाईकडे सरळ बघितलं आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कळेल असं हसली.

"बरोबर बोलते ती," ताई म्हणाली. "तुमी पन आदी हात घाला, ताई. त्या कुंडातला पानी कढत हाय."

आणि त्या बाईने पाण्याच्या अगदी जवळ आणलेला पाय मागे घेतला, वाकली, आणि हात घातला.